गोधडीची किंमत

धाकट्या बहिणीने घरगुती वस्तूंचे छोटे दुकान काढले आहे. गोधड्या, दुपटी, उशीचे अभ्रे, सगळे हाताने शिवलेले. रविवारी शाळेला सुट्टी असते, तेव्हा तिच्याबरोबर मीही शिवणाऱ्या बायकांकडे जातो.

गोधडी म्हणजे जुन्या सुती कपड्यांचे थर आणि त्यांना धरून ठेवणारा धावदोरा. आता घरोघरी सिंथेटिक साड्या. त्यांची गोधडी घाम टिपत नाही, म्हणून आधी सुती कापड शोधावे लागते. आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला घरकाम उरकून दुपारी शिवतात. मोठ्या गोधडीला त्यांना महिना लागतो.

बहिणीला एका दुकानदाराने सल्ला दिला, "माल ठेवून घ्या, विकला की पैसे द्या." मी म्हटले, "मग नफा तुझा आणि जोखीम खालांची! दोरा त्यांचा, डोळे त्यांचे, वाटही त्यांनीच पाहायची?" आता ती माल कमी घेते, पण रोख घेते.

गिऱ्हाईक विचारते, "अशाच चार मिळतील?" नाही मिळणार, ते कापड संपले.

घासाघीस करण्याआधी गोधडी उलटी करा आणि एका वितीतले टाके मोजा. मग भाव बोला.