शेतात दडलेली ठेव

गोल्फ हा सधनांचा खेळ, अशी आमची जुनी समजूत. म्हणून एका विस्मृत गोल्फ मैदानाच्या शोधाची हकीकत आम्ही प्रथम बाजूलाच सारली होती. परंतु त्यातील बेटाचे नाव वाचून ती पुन्हा हाती घेतली. स्कॉटलंडच्या पश्चिमेचे साउथ युइस्ट हे बेट, धर्मसुधारणेच्या वादळानंतरही तेथील बहुसंख्य कुटुंबे कॅथलिक राहिली.

1891 साली बेटाच्या मालकीण लेडी गॉर्डन कॅथकार्ट यांनी सेंट अँड्र्यूजचे टॉम मॉरिस यांना पाचारण केले. ओपन स्पर्धा चार वेळा जिंकलेल्या या वृद्ध कारागिराने आस्करनिश येथे समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून 18 होलचे मैदान आखले. कालांतराने खेळ सपाटीवरच्या थोड्या भागापुरता उरला. टेकड्यांतील वाटा गवताने झाकल्या आणि त्यांवर गुरे चरू लागली.

2005 साली मैदानांचे जाणकार गॉर्डन इर्विन तेथे पोहोचले. मॉरिस यांचा आराखडा उपलब्ध नव्हता. इर्विन यांनी जमिनीलाच साक्षीदार मानले. मॉरिस यांच्या काळी डोंगर हलविणारी यंत्रे नव्हती. जमिनीचा चढउतार पाहूनच होलची जागा ठरे. तेव्हा त्यांना जे दिसले असेल, ते आपल्यालाही पायी फिरून दिसेल, हा त्यामागचा विचार. प्रत्येक जागा मूळचीच, असे त्यात सिद्ध होत नाही. तथापि 2008 साली मैदान पुन्हा खुले झाले.

येथवर वाचून आम्हांला आनंद वाटला. पण मन पूर्ण निवले नाही. याच बाईंचे सासरे कर्नल गॉर्डन यांनी 1851 साली आपल्या बेटांवरील दीड हजारांहून अधिक माणसे जहाजांत घालून कॅनडाला धाडली होती. त्यांच्या वाटा कोण शोधणार?

एकाने शोधल्या होत्या. मॉरिस आले तेव्हा जवळच्याच डॅलीबर्ग धर्मग्रामात फादर अॅलन मॅकडोनल्ड सेवा करीत होते. गरिबांच्या मुखातील गेलिक प्रार्थना, गीते व कथा ते वहीत उतरवून घेत. एकाचे काम गवतात राहिले, दुसऱ्याचे कागदावर.

मैदान पुन्हा उभारताना काही कुळांनी चराईच्या हक्कासाठी हरकत घेतली. आम्हांला ती हरकत समजते. ज्यांचे आजे-पणजे हुसकले गेले, त्यांना मालकांच्या करमणुकीची भूमी निर्धास्तपणे कशी पाहवेल?

परंतु 2006 साली बेटवासीयांनी मिळून सुमारे 93,000 एकरांची ती जहागीरच विकत घेतली. त्यांच्या संस्थेच्या नावाचा अर्थ 'युइस्टची संपत्ती' असा होतो. प्रभू येशूने सांगितलेला शेतातील ठेवीचा दाखला आम्ही कितीदा तरी समजावून दिला असेल. त्यातला माणूस ठेव उचलून पळत नाही. तो आधी शेत विकत घेतो. ठेव शोधणारा विद्वान आदरास पात्र आहेच. पण शेत ज्यांचे, त्यांच्या हाती ते आल्याखेरीज शोध पुरा होत नाही, हे आम्हांला एका खेळाच्या मैदानाने शिकविले.