स्वस्तातली बेस गिटार

स्वस्त वाद्याचा मोठा तोटा आवाजात नसतोच. वाद्यातली खोट शिकणाऱ्याला आपली वाटते, हा खरा तोटा. तारा फ्रेटपासून नको तितक्या उंच असल्या की बोटं सोलवटतात, स्वर नीट दबत नाही आणि चार महिन्यांनी पोरगं म्हणतं, ‘आपल्याला नाही जमणार.’ बेस गिटारीत तर हे फारच होतं. तिची सगळ्यात जाड तार बहुधा 2.7 मिलिमीटरच्या आसपास असते आणि तारेची वाजती लांबी 34 इंच. नवख्या हाताला ती चांगली असली तरी जडच जाते. वाईट असली तर विचारायलाच नको.

भाचीने बेस घ्यायची ठरवली तेव्हा माझ्या डोक्यात हे होतं. वीसेक हजारांत बसणाऱ्या दोन-तीन गिटारी तिने व्हिडिओ बघून आधीच हेरल्या होत्या. आता, बेसच्या जाड तारेचा मोकळा स्वर सेकंदाला जेमतेम 41 कंपनांचा. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो बाहेर पडतच नाही; वरचे उपस्वर ऐकून कान खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे तिने पारख केली होती ती बरीचशी स्वतःच्या कल्पनेची.

दुकानातल्या मुलाने गिटार भल्यामोठ्या ॲम्पला जोडली आणि अंगठ्याने तारांवर असे काही फटके मारले की भाचीचे डोळेच विस्फारले. “मामा, ऐकलंस?” ऐकलं. पण त्यात ॲम्प किती, त्या मुलाचा रियाज किती आणि गिटार किती, हे कसं कळणार? मी वायर काढायला सांगितली. मग बिनवायरीच्या गिटारीवर प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट एकेक करून दाबायचा, स्वर विझेपर्यंत थांबायचं. कंटाळवाणं काम. दुकानदार चुळबुळ करतो, करू द्यावी. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो. ते महागड्या गिटारींतही सापडतं, त्यावरून भाव पाडण्यात अर्थ नाही. मात्र एकाच फ्रेटवर खरखर येत असेल तर तो फ्रेट नीट बसलेला नाही.

मग नेक. तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने दाबायची, जिथे नेक धडाला मिळते तिथे दुसऱ्या हाताने, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघायचं. व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी असावी. जास्त असली तर नेकमधली सळई ॲलन कीने कसून ती कमी करता येते, आणि हे मोठं दुखणं नव्हे. पण नेकला पीळ पडला असेल तर गिटार परत खुंटीला. पिकअप बदलता येतो, खुंट्या बदलता येतात. पिळलेल्या नेकला या किमतीत इलाज नाही.

मुळात हे वाद्य कारखान्यासाठीच आखलेलं. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली ती सपाट लाकडी फळीला चार स्क्रूंनी नेक जोडून. कारागिराने महिनोन्महिने कोरावं असं तिच्यात काहीच नव्हतं, त्यामुळे स्वस्त नक्कल करताना फारसं हरवतही नाही. आज इंडोनेशियात सुराबायाच्या कारखान्यात लाकूड यंत्रावर अचूक कापलं जातं. काटछाट होते ती माणसाच्या वेळात: फ्रेटची टोकं घासायला, नटच्या खाचा खोल करायला लागणाऱ्या वेळात. म्हणून वीस हजार असतील तर अठराचीच गिटार बघावी आणि उरलेले पैसे ती जुळवून देणाऱ्या मिस्त्रीसाठी ठेवावेत. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आणि स्वस्ताची लाज कशाला? पॉल मॅकार्टनीने 1961 मध्ये हॅम्बुर्गला हॉफ्नर घेतली, कारण फेंडर परवडत नव्हती. हॉफ्नर 30 पौंडांच्या आसपास मिळाली. तिच्या तारांची लांबीही 30 इंचांची, म्हणजे बोटांना सोपी. भाचीने एक छोट्या मापाची गिटारही हातात घेऊन पाहिली. तिचं डोकं जड होतं. हात सोडला की नेक झुकायची आणि डाव्या हाताला स्वर दाबायचं सोडून वजनच पेलावं लागायचं. “माझीच बोटं कमी पडतायत का रे?” तिने विचारलं. नाही गं बाई. पट्टा लावून दोन्ही हात सोड, मग बघ कोण कमी पडतंय.

शेवटी 34 इंचीच घेतली. रंग तिने निवडला. मला तो बिलकूल आवडलेला नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत नेक पुन्हा हलेल आणि तारा खरखरतील. तेव्हा ॲलन की तिच्याच हातात देणार आहे, पाव फेऱ्याच्या पुढे जायचं नाही या अटीवर.