गच्चीवरची काठी

मुलांना विज्ञान शिकवावयाचे तर महागडी उपकरणे हवीत, असा एक समज रूढ आहे. आमचा अनुभव निराळा आहे. काठी, मातीची कुंडी, ओळंबा आणि खडू एवढ्या सामग्रीवर आमच्या गच्चीत सहा महिने विज्ञानाची शाळा चालली.

इंदुरात आमच्या घराण्याची ही पाचवी पिढी. नातवंडांची शाळा इंग्रजी, खेळ हिंदीतून. मराठी उरली ती 'पाय धू' आणि 'जेवायला बस' एवढ्यापुरती. भाषा जपा, असे नुसते सांगून ती जपली जात नाही. तिला काही काम द्यावे लागते. ते काम सावलीने दिले.

डिसेंबरात कुंडीत काठी रोवली. मातीवर बरोबर एक मीटर, ओळंब्याने ताठ केलेली. दर रविवारी दुपारी पाच-पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावयाची आणि सर्वांत आखूड सावली वहीत मांडावयाची. वही मराठीत, हा आमचा एकच आग्रह. २१ डिसेंबरच्या सुमारास ती सावली १०४ सेंटिमीटर भरली, काठीहून लांब! शिवाय ती बाराला नव्हे, बारा पंचविसाच्या आसपास पडली. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे; इंदूर त्याच्या पश्चिमेस साडेसहा अंशांहून थोडे अधिक, आणि अंशामागे चार मिनिटे. हिशेब मुलांनीच केला.

सावली आठवड्या-आठवड्याने आखडत गेली. ७ जूनला नात ओरडली, "आजोबा, परछाई गायब!" "कुठे गेली?" आम्ही विचारले. ती क्षणभर थबकून म्हणाली, "काठीच्या पायाशी जाऊन बसली." हे वाक्य तिला कोणी शिकविले नव्हते.

ग्वाल्हेरला आमच्या बंधूंच्या नातवानेही काठी रोवली होती. त्याची सावली २१ जूनलाही पाच सेंटिमीटर उरली. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेस. तेथे सूर्य ठीक माथ्यावर कधी येतच नाही. कोणाची काठी वाकडी, यावरून फोनवर वाद जुंपला. वहीतले शब्द मराठी, म्हणून वादही बराचसा मराठीतच झाला.

पुढे मुलांना उज्जयिनीची वेधशाळा दाखविली. सवाई जयसिंगांनी उभारलेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी करविला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तेथील कारभार पाहिला. तेथील शंकुयंत्र पाहून नातू म्हणाला, "ही तर आपलीच काठी!"

वाचकांनीही हा प्रयोग करून पाहावा. बडोद्यास ३ जून व ९ जुलैच्या, हैदराबादेस ९ मे व ऑगस्टच्या आरंभीच्या सुमारास सावली पायाशी येते. बेळगावकरांनी मेच्या पहिल्या आठवड्यात पाहावे. मुलांची दृष्टी मात्र सावलीवरच असावी, सूर्यावर नव्हे. आणि वही मराठीत लिहावी.