उंट कुणी बांधायचा?

तेल आणि हवामानबदलावरून अरब सरकारांना कुणीतरी खडसावायला हवं, यात शंका नाही. पण खडसावणाऱ्याच्या तोंडी शब्द कोणते द्यायचे, तिथे माझं अडतं.

त्यांच्याच घरातली एक गोष्ट आहे, तिर्मिझींच्या हदीससंग्रहातली. एकाने पैगंबरांना विचारलं, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? उत्तर मिळालं, आधी बांध, मग भरवसा ठेव. खाटल्यावर देणाऱ्या हरीची वाट बघणाऱ्यांनीही ऐकावं असं.

पण वाळवंटात उंट बांधणार कशाला? झाड कुठलं तिथे! बसलेल्या उंटाचा पुढचा पाय गुडघ्यात मुडपून दोरीने आवळतात, म्हणजे त्याला पळता येत नाही. अरबांच्या डोईवरचं काळं कडं म्हणजे मुळात हीच दोरी, असं सांगतात. काम नसलं की ती डोक्यावर. २०२३ ची दुबईची हवामान परिषद आठवते. अध्यक्ष सुलतान अल जाबेर, म्हणजे अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचेच प्रमुख. दोरी मिरवायला, उंट मोकळा, असं म्हणायचा मोह होतो. पण कोळसा-तेल-वायूपासून दूर जाण्याची भाषा सर्व देशांच्या ठरावात पहिल्यांदा आली, ती त्याच परिषदेत.

आणि मोकळ्या उंटाखाली तुडवले जातात ते त्यांचेच लोक. कुवेतमधल्या मित्रिबाहला २०१६ साली पारा ५३.९ अंशांवर गेला. २०२३ च्या सप्टेंबरात लिबियातल्या डेर्नाजवळची दोन धरणं एका रात्रीत फुटली, हजारो माणसं गेली. कतारमध्ये उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करायला बंदी आहे. रत्नागिरी, म्हसळ्याकडच्या ज्या घरांतला मुलगा तिकडे बांधकामावर आहे, त्यांना या नियमाचं मोल विचारावं. एक पाय तरी बांधला म्हणायचा.

मोरोक्कोने वारझाझातला सूर्यावर वीज करायचा मोठा प्रकल्प उभारला. कौतुक करावं, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं तेलच नाही. ज्याच्याकडे उंट नाही, त्याची शिस्त मोजायची कशी?

सौदीने २०६० पर्यंत उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं कबूल केलंय. आपण २०७० पर्यंत. शिवाय विकलेल्या तेलाचा धूर विकणाऱ्याच्या खात्यात धरत नाहीत. जिथे जळतं तिथे धरतात. आपलं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, त्यातलं बरंचसं आखातातून. म्हणजे त्यांचा उंट चरतो आपल्या आवारात, आपणच बोलावलेला. हदीसमधल्या माणसाचं सोपं होतं, उंट त्याचा एकट्याचा होता. मी खडसावायला जावं आणि त्यांनी दोरीचं दुसरं टोक माझ्याच हातात द्यावं, तर मी ते धरीन की नाही, हेही आता मला नक्की सांगता येत नाही.