पुन्हा दिसलेली गाठ

आमच्या थोरल्या बंधूंच्या लिव्हरमधली कॅन्सरची गाठ कापून काढली, तेव्हा आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दीड वर्षाने स्कॅनमध्ये अडीच सेंटिमीटरची दुसरी निघाली. घरात एकच कुजबुज : पहिली नीट काढली नव्हती काय? डॉक्टरांनी समजावले, हेपटायटिस बी वर्षानुवर्षे अंगात राहून सारे लिव्हरच निबर झाले आहे. गाठ गेली, जमीन तीच राहिली. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत दहांपैकी सुमारे सात जणांना ती पुन्हा होते.

दुसऱ्यांदा कापावे तर उरलेले लिव्हर पुरणार नाही. गाठ ३ सेंटिमीटरच्या आतली, म्हणून सुई घालून उष्णतेने जाळली. लिव्हर बदलण्याचीही गोष्ट निघाली. १९९६ साली मिलानच्या डॉक्टरांनी माप घालून दिले : एकच गाठ ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी ३ च्या आत. बंधू त्यात बसतात. थोरला पुतण्या लगेच म्हणाला, "माझा तुकडा घ्या." वहिनी मात्र उठून स्वयंपाकघरात गेल्या. नवरा आणि मुलगा एकाच दिवशी टेबलावर! त्यांना कोणी घाई करू नये, असे आम्हांस वाटते.

हा विषाणू आईकडून मुलांस लागतो, म्हणून आम्हा भावंडांनीही कुपत होलीममध्ये रक्त दिले. बंधूंची रोजची गोळी चालू आहे. पुढचा स्कॅन सुक्कोथनंतर.