काशीच्या गाळावरून अंटार्क्टिकाच्या खडकावर

वाराणसीत भूविज्ञान शिकणं म्हणजे पायाखाली खडकच नसलेल्या गावात खडक शिकणं. गंगेनं आणून टाकलेला गाळ इथं शेकडो मीटर खोल आहे. घाटांच्या पायऱ्या दगडी आहेत, पण तो दगड चुनारचा, नदीमार्गे आणलेला वालुकाश्म. जागेवरचा खडक बघायचा तर चुनार-मिर्झापूरची वाट धरावी लागते. तरीही काशी हिंदू विद्यापीठातल्या भूविज्ञान विभागात देशाच्या कानाकोपऱ्यातले दगड येऊन पडलेले असतात. कापडी पिशव्यांत, वर शाईनं आकडे घातलेले. अंटार्क्टिका मला पहिल्यांदा तिथंच, अशा एका पिशवीत भेटलं.

दगड वाचायचा तर आधी त्याचा काप करावा लागतो. हिऱ्याच्या दातांच्या चकतीवर दगडाची चकली कापायची, एक बाजू घासून गुळगुळीत करायची, ती काचेच्या पट्टीला चिकटवायची आणि मग उरलेली बाजू कार्बोरंडमच्या पुडीत पाणी घालून घासत राहायचं. बोटांखालचा दगड हळूहळू झिजत जातो. शेवटी जाडी उरते 0.03 मिलिमीटर. मोजपट्टीनं ती कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली क्वार्ट्‌झचा रंग बघून कळते. तो पिवळा दिसला की अजून घासायचं, करडा-पांढरा झाला की हात थांबवायचा. दोन फेऱ्या जास्त झाल्या तर दगड काचेवरून पुसूनच जातो. एवढं सांभाळलं की ज्या दगडानं हातोड्याला दाद दिली नव्हती, त्यातून प्रकाश आरपार जाऊ लागतो.

एका दुपारी माझ्यापुढे अशा दोन पट्ट्या होत्या. एक पूर्व घाटातल्या खोंडलाइट या खडकाची, ओडिशातली. दुसरी पूर्व अंटार्क्टिकाच्या लार्समन हिल्समधली. दोन्हींत गार्नेटचे गोल दाणे, सिलिमनाइटच्या सुयांचे जुडगे आणि मधून क्वार्ट्‌झ. आडव्या ध्रुवित प्रकाशात गार्नेट काळाठिक्कर पडतो आणि सुया निळ्या-पिवळ्या पेटतात. पट्ट्यांची अदलाबदल करून पाहिली, तर कुठली कुठली हे नावाची चिठ्ठी वाचल्याशिवाय ओळखू येईना. दोन्ही दगड साधारण 100 ते 90 कोटी वर्षांपूर्वी जमिनीत खोलवर एकाच आचेत भाजून निघालेले आहेत. त्या वेळी पूर्व घाट आणि अंटार्क्टिकाचा तो किनारा एकमेकांना लागून होते. पुढे गोंडवन नावाच्या महाखंडातही ते शेजारीच राहिले. साधारण 13 कोटी वर्षांपूर्वी ताटातूट सुरू झाली आणि मधे समुद्र शिरला. पुस्तकात हे वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या दुपारी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या दुसऱ्या पट्टीच्या गावी आपण जायचंच असं मनानं घेतलं.

वाराणसीचं अंटार्क्टिकाशी आणखी एक नातं मला ग्रंथालयात सापडलं. 1912 साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉटच्या तुकडीनं बिअर्डमोर हिमनदीच्या काठी दगड गोळा केले. अंगात त्राण उरलं नव्हतं, अन्न संपत आलं होतं, तरी सुमारे 16 किलो दगड त्यांनी घसरगाडीवरून शेवटपर्यंत ओढले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबूत मृतदेह मिळाले, आणि बाहेर ते दगडही. त्यांत ग्लोसोप्टेरिस या झाडाच्या पानांचे ठसे होते. ते ओळखले केंब्रिजच्या अल्बर्ट सीवर्ड यांनी, 1914 साली. या सीवर्ड यांचेच शिष्य बिरबल साहनी. 1919 साली ते भारतात परतले आणि पहिली नोकरी त्यांनी काशी हिंदू विद्यापीठात, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून केली. पुढच्याच वर्षी गुरुशिष्यांनी मिळून भारतातल्या गोंडवनी वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटलंच नाही, कारण ग्लोसोप्टेरिस माझ्या ओळखीचं होतं.

मी चंद्रपूरची. वडील कोळसा खाणीत सर्वेअर. कोळशाच्या थरावर जो काळा-करडा पाटीसारखा दगड असतो, तो फोडला की आत लांबट पान निघायचं, मधे ठसठशीत शीर आणि दोन्ही बाजूंना जाळी. आमच्या घरी असे दोन-चार तुकडे शोकेसमध्ये कपबशांशेजारी ठेवलेले असत. पुढे कॉलेजच्या सहलीत सरांनी आम्हाला शहराच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या बाजूला इरई गावाजवळ नेलं. तिथं चुनखडीचा सपाट खडक आहे, आणि त्यावर एकाच दिशेनं गेलेले समांतर ओरखडे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांनी 1875 साली या भागातल्या हिमाच्या खुणा प्रसिद्ध केल्या. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी इथून बर्फ सरकत गेला. त्याच्या बुडाशी अडकलेल्या दगडांनी हा खडक खरवडला. मे महिन्यात पारा 46-47 वर जाणाऱ्या आमच्या चंद्रपुरात हिमनदी! ते ओरखडे मी बोटानं चाचपले होते, पण हिमनदी कशी असते याची कल्पनाच तेव्हा नव्हती.

वाराणसीत मी ब्रह्माघाटाजवळ एका मराठी घरात खोली घेऊन राहत होते. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा सगळा जुन्या मराठी वस्तीचा भाग. पेशवाईच्या काळापासून काशीत स्थिरावलेली कुटुंबं, घरात मराठी, गल्लीत बनारसी. घरमालकीण आजी ऐंशीच्या पुढच्या. माझी अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी निवड झाली, दिल्लीतली वैद्यकीय तपासणी आणि औलीचं बर्फातलं प्रशिक्षण पार पडलं, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी आजींनी मला हाक मारली. पुढ्यात गंगाजलाचा डाख लावून बंद केलेला तांब्याचा गडू होता.

"तिथंही गंगोत्री आहे म्हणतात ना गं?"

"आहे आजी. दक्षिण गंगोत्री. आपलं तिथलं पहिलं ठाणं. 1983-84 साली बांधलं होतं, आता बर्फाखाली गेलंय. त्याच नावाची हिमनदीही आहे."

"मग हे तिथं वाहा. इथली गंगा तिथल्या गंगेला भेटू दे."

गडू हातात घेण्याआधी मी त्यांच्याशेजारी बसले. सांगितलं, की तिथं बाहेरची माती, बी, किडा, पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीवसुद्धा न्यायला मनाई आहे. 1991 साली माद्रिदला अंटार्क्टिका करारातल्या देशांनी तसं ठरवलं. आपल्या संसदेनंही 2022 मध्ये कायदा केला. बुटांच्या तळव्यातली माती आणि पिशव्यांच्या शिवणीतलं कुसळसुद्धा काढून टाकावं लागतं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती.

"म्हणजे त्या जागेचं सोवळं आहे," त्या म्हणाल्या. "मग मोडू नकोस. गडू देवापाशी राहील. तू नुसता नमस्कार कर."

इतक्या वर्षांत पर्यावरणाच्या करारांवर मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. त्यामागचं मन एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कुणी समजून घेतलेलं मी पाहिलं नाही.

केपटाउनहून जहाज निघालं. चाळीस अंश दक्षिणेच्या खाली वाऱ्यानं सगळ्यांना आडवं केलं, मग पाणी शांत झालं आणि त्यावर बर्फाच्या लाद्या दिसू लागल्या. प्रिझ उपसागरात पोहोचल्यावर हेलिकॉप्टरनं आम्हाला भारताच्या भारती केंद्रावर उतरवलं. हे केंद्र 2012 साली सुरू झालं. ते 134 कंटेनर जोडून उभारलेलं आहे. आजूबाजूला लार्समन हिल्स: बुटक्या, तपकिरी, उघड्या टेकड्या, त्यांच्या खळग्यांत गोड्या पाण्याची तळी, समोर खडकाळ बेटं, आणि बेटांच्या मधे अडकून पडलेले हिमनग. पूर्वेला डॉल्क हिमनदी समुद्रात उतरते. अधूनमधून तिचा कडा कोसळला की तोफेसारखा आवाज यायचा आणि थोड्या वेळानं लाट किनाऱ्याला लागायची. दक्षिणेकडे पाहिलं की मात्र टेकड्या संपतात आणि पांढरी चढण सुरू होते, ती थेट खंडाच्या पोटापर्यंत. पश्चिमेला, आमच्या नजरेपलीकडे, लॅम्बर्ट हिमनदी. तिची लांबी 400 किलोमीटरच्या वर. ती ज्या खचदरीतून वाहते ती आणि आपली महानदीची खचदरी एकाच जुन्या भेगेचे दोन तुकडे मानले जातात. तिच्या बाजूच्या प्रिन्स चार्ल्स पर्वतात कोळसा आहे, आणि ग्लोसोप्टेरिसही. आमच्या शोकेसमधल्या पानाची भावंडं इतक्या थंडीत, इतक्या बर्फाशेजारी झोपलेली आहेत हे कळूनही मन चटकन मानत नव्हतं.

रोज सकाळी, म्हणजे घड्याळातल्या सकाळी कारण सूर्य मावळतच नव्हता, जोडीनं बाहेर पडायचं असा नियम होता. पाठीवर पोतडी, कमरेला हातोडा, खिशात वॉकीटॉकी. नमुना कुठून आणि किती घ्यायचा हे परवान्यात लिहिलेलं. जवळचं स्टोर्नेस द्वीपकल्प तर 2014 पासून विशेष संरक्षित आहे, आणि तेही तिथल्या खनिजांसाठी. बोरॉन आणि फॉस्फरस असलेली अतिशय दुर्मीळ खनिजं तिथं आहेत, म्हणून विशेष परवान्याशिवाय तिथं पाऊल टाकता येत नाही. पेंग्विनसाठी, सीलसाठी राखलेल्या जागा मला ठाऊक होत्या. दगडासाठी राखलेली जागा मी पहिल्यांदाच पाहत होते.

एक दिवस बर्फाच्या कडेनं चाललो होतो. तिथला बर्फ अलीकडेच मागे हटला असावा, कारण खडकावर शेवाळाचा किंवा दगडफुलाचा ठिपकाही नव्हता. खडक ओला, चकचकीत. ऊन तिरपं होतं आणि त्या उन्हात रेघा दिसल्या. समांतर, सरळ, बर्फाकडून समुद्राकडे गेलेल्या. काही केसासारख्या बारीक, काही बोट बसेल एवढ्या. त्या एका गार्नेटच्या दाण्यावरून गेल्या होत्या, आणि दाण्याच्या पुढच्या बाजूला, झिजेपासून वाचलेली, दगडाची छोटी शेपटी उरली होती. म्हणजे बर्फ कुठून कुठे गेला तेही त्या दाण्यानं लिहून ठेवलं होतं. मी हातमोजा काढला आणि बोट फिरवलं. बोटाला ती खाच ओळखीची वाटली. इरईच्या चुनखडीवर ज्या कडा लागल्या होत्या त्याच. तिथं 30 कोटी वर्षांचा जुना कागद होता, इथं शाई अजून वाळायची होती. आणि ज्यानं लिहिलं तो माझ्यापासून चार पावलांवर, निळ्या भिंतीसारखा उभा होता. चंद्रपूरला जे समजलं नव्हतं ते त्या क्षणी पुरतं समजलं.

परतीच्या वाटेवर भारताच्या मैत्री केंद्रावर थांबणं झालं आणि दक्षिण गंगोत्री हिमनदीचं मुख पाहता आलं. 1983 पासून आपले भूवैज्ञानिक तिची मोजदाद ठेवतात. ती मागे सरकते आहे, पण वर्षाला सरासरी मीटरभरापेक्षाही कमी. हिमालयातली गंगोत्री मात्र विसाव्या शतकात वर्षाला साधारण वीस मीटरनं मागे हटत गेली. मी हात जोडले, आजींनी सांगितल्याप्रमाणे.

काशीला परतल्यावर आजींनी पहिला प्रश्न हाच केला, "आपली गंगा आटेल का गं?" मी खरं ते सांगितलं. काशीपर्यंत येणाऱ्या पाण्यात हिमनदीच्या वितळीचा वाटा थोडाच असतो. बहुतेक पाणी पावसाचं, उपनद्यांचं आणि जमिनीतून झिरपून येणारं. वर पहाडात मात्र पावसाळ्याआधीच्या महिन्यांत त्या वितळीचा वाटा मोठा असतो, आणि तिथलं गणित बदलत चाललं आहे. आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाचं म्हणाल तर जगातलं बहुतेक गोडं पाणी तिथं बर्फ होऊन बसलेलं आहे. ते थोडंही सुटलं तरी मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला त्याची झळ लागेल. आजींनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मग हे सगळ्यांना सांगत जा."

म्हणून सांगते आहे. अंटार्क्टिका दूर आहे, पण परकं नाही. तिथला दगड आपल्या पूर्व घाटाचा सख्खा आहे, तिथला कोळसा आपल्या कोळशाचा समवयस्क आहे, आणि बर्फ जमिनीवर काय लिहून जातो हे वाचायला ध्रुवावरच जावं लागतं असं नाही. जगानं एकत्र येऊन स्टोर्नेसचे दगड राखले. विदर्भातला तो ओरखड्यांचा खडकही त्याच मोलाचा आहे; चुनखडीला आणि कोळशाला मागणी असलेल्या जिल्ह्यात तो आपणच राखायचा आहे. स्टोर्नेसला जायला देशोदेशींच्या करारातला परवाना लागतो. इरईला जायला शाळेची एक बस पुरते. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तिथं न्यावं, रेघांवरून बोट फिरवू द्यावं, बर्फ कुठून कुठे गेला असेल ते त्यांनाच ओळखायला सांगावं, आणि हातोडा तेवढा घरी ठेवून जावं.