दाराआडच्या खिळ्यावरची किल्ली

मैत्रिणींनो, तुमच्या घरात मोटारीची किल्ली कुठे असते? आमच्याकडे ती बाहेरच्या खोलीत, दाराआडच्या खिळ्याला लटकलेली असायची. केर काढताना मी तो खिळाही रोज पुसायची. पण ती किल्ली घेऊन कधी गाडीत जाऊन बसले नव्हते. किल्ली आधी मामंजींची, नंतर ह्यांची. गाडीत माझी जागा ठरलेली. मागची, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन! त्यात काही चुकतंय असंही मला वाटत नव्हतं. स्कूटरवरून बाजारहाट होतो, शाळेत जाता येतं. आणखी काय हवं?

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. हे व्यापाराच्या कामासाठी सुरतेला गेले होते. रात्री साडेअकराच्या सुमाराला सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला. धावत गेले, तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं आणि शब्द बोबडे. अर्धांगाचा झटका! मामंजींना मोतीबिंदूमुळे डॉक्टरांनी रात्री गाडी चालवायला मनाई केलेली. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन कोल्हापूरला गेलेली. भाड्याच्या गाडीवाल्याचा फोन नुसता वाजत होता. शेवटी मागच्या गल्लीतले एक गृहस्थ झोपेतून उठून आपली गाडी घेऊन आले. तोवर सव्वा तास गेला होता.

आणि त्या सव्वा तासात आमची पांढरी मारुती ८०० अंगणात उभी होती. पेट्रोल भरलेली, आदल्याच दिवशी धुतलेली. किल्ली खिळ्यावर होती. दवाखाना दहा मिनिटांवर होता.

सासूबाई वाचल्या, ही देवाची कृपा. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की अशा झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि जितकं लवकर द्यावं तितका मेंदूचा भाग वाचतो. आम्ही मुदतीत पोचलो होतो; पण त्यांच्या उजव्या हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. "आणखी तासभर आधी आणलं असतं तर?" असं मी विचारलं. डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच दिवशी ही गाडी शिकायला गेली असेल. छे! ह्यांच्याकडे विषय काढला, हे म्हणाले, "बघू, पावसाळा संपू दे." पावसाळा संपला, दिवाळी झाली, वार्षिक परीक्षा झाल्या. किल्ली खिळ्यावर तशीच.

मला हलवलं ते शाळेतल्या एका मुलीनं. नववीच्या वर्गाला उद्योगधंद्यांचा पाठ होता. आमची इचलकरंजी म्हणजे मागांचं गाव. यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच इथली मुलं झोपतात. तेव्हा मागापासून सुरू होऊन भलतीकडेच पोचलेल्या एखाद्या धंद्याची गोष्ट सांगावी, असं मनात आलं. शोधता शोधता सापडली ती सुझुकीची. आमच्या अंगणातल्या गाडीचीच!

जपानमध्ये हमामात्सु नावाचं शहर आहे. तो मुलूख कापसाचा आणि विणकामाचा. तिथे १८८७ साली एका शेतकऱ्याच्या घरी मिचिओ सुझुकी जन्मला. पोरवयातच त्यानं सुताराकडे उमेदवारी केली. हात कसबी झाले आणि १९०८ साली त्यानं पहिला माग बनवला तो स्वतःच्या आईसाठी. पायानं चालणारा लाकडी माग. आईचं विणकाम कितीतरी भरभर होऊ लागलं. ते पाहून लोक तसाच माग मागायला आले आणि १९०९ साली मागांचा कारखाना निघाला. पुढे कित्येक वर्षं सुझुकी म्हणजे मोटार नव्हे, माग! जपानच्या टोयोटाचं मूळही मागांच्याच कारखान्यात आहे.

एवढं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, त्यानं आईला अख्खा माग करून दिला. आमचे पप्पा तर आईला गाडीची किल्लीसुद्धा देत नाहीत!" वर्ग खो खो हसला. मीही हसले. फळ्याकडे वळले, पण काय लिहायचं होतं तेच आठवेना.

घरी येऊन सासूबाईंना ही गोष्ट सांगितली. नव्या नवरीच्या दिवसांत त्यांनीही कांड्या भरायचं काम केलेलं. संध्याकाळपर्यंत बोटं बधिर व्हायची म्हणतात. डाव्या हातानं उजवा हात चोळत त्या म्हणाल्या, "त्या पोराला आईचे हात दिसले गं." आणि थोड्या वेळानं, "तू गाडी शीक. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी शीक."

त्या रात्री ह्यांना मी विचारलं नाही, सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मी कधी नको म्हटलं?" ते खरंच होतं. नको कुणीच म्हटलं नव्हतं. घे असंही कुणी म्हटलं नव्हतं आणि मीही मागितली नव्हती.

शिकता शिकता सुझुकीची पुढची गोष्टही मी वाचत गेले. मिचिओंनी १९३७ सालीच छोट्या मोटारीचे प्रयोग सुरू केले होते. महायुद्धानं ते थांबवले. युद्धानंतर पुन्हा माग सुरू झाले, पण १९५१ साली कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक राहिलं नाही. धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा १९५२ साली त्यांनी सायकलला ३६ सी. सी.चं चिमुकलं इंजिन बसवून विकायला काढलं. १९५४ साली कंपनीच्या नावात 'मोटार' आली, आणि १९५५ साली सुझुलाइट नावाची ३६० सी. सी.ची इवलीशी गाडी. एक धंदा बसला म्हणून कपाळाला हात लावून बसायचं नाही, हे आमच्या मागवाल्या गावाला वेगळं सांगायला नको.

आता एक गंमत ऐका. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक तोंडाला पदर लावून हसतात. सुझुकी मोठी केली ती घरजावयांनी! मिचिओंचे जावई शुन्झो घरात दत्तक आले आणि पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. नंतर शुन्झोंचे जावई ओसामु. हे मूळचे मात्सुदा, बँकेत नोकरीला. मिचिओंच्या नातीशी, शोकोशी लग्न करून त्यांनी बायकोचं आडनाव लावलं आणि १९५८ साली कंपनीत रुजू झाले. १९७८ साली ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या डिसेंबरात, ९४ व्या वर्षी ते वारले. मागाहून भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं.

ह्याच ओसामुंनी १९७९ साली आल्टो काढली. किंमत चार लाख सत्तर हजार येन, म्हणजे त्या काळी जपानमध्ये स्वस्तातली स्वस्त. जपानी भाषेत 'आरुतो' म्हणजे 'असली तर'. कधी कामावर जायला, कधी सामान आणायला, कधी फिरायला, असली तर सोयीची अशी ही गाडी, अशी कोटी त्यांनी तेव्हा केली होती. नवऱ्याची मोटार त्याच्याबरोबर कचेरीत जायची, मग बाजार आणि मुलांची शाळा घरच्या बाईकडे. अशा बायकांनी ही छोटी गाडी उचलून धरली. १९८४ साली आलेल्या दुसऱ्या आल्टोत तर चालकाची खुर्ची दाराकडे वळवता येईल अशी सोय निघाली, घागरा घातलेल्या बाईला नीट उतरता यावं म्हणून. हे वाचताना मला माझ्या साडीच्या निऱ्या आठवल्या. गाडी करणाऱ्यानं कधीतरी बाईचा विचार केला होता तर!

भारत सरकारच्या मारुती उद्योगाशी सुझुकीचा करार झाला तो २ ऑक्टोबर १९८२ रोजी. त्याच महिन्याच्या २७ तारखेला मिचिओ वारले, वयाच्या ९५ व्या वर्षी. पुढच्या वर्षी, १४ डिसेंबर १९८३ रोजी, पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंगांच्या हाती ठेवली. २०१० साली मरेपर्यंत त्यांनी ती गाडी विकली नाही. ७९६ सी. सी.चं, तीन सिलिंडरांचं इंजिन. किंमत सुमारे पन्नास हजार. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तोवर पंचवीस लाखांहून अधिक गाड्या निघाल्या होत्या. तो पहिला फोटो मी बराच वेळ पाहिला. किल्ली देणारी बाई होती. माझ्या घरात मात्र ती खिळ्यावरून माझ्या हातात यायला कितीतरी वर्षं लागली.

ह्या गाड्यांनी आपल्या गावांतून काय काय केलं, ते आठवून पाहा. माझ्या वन्सं लहानपणी ओमनी व्हॅनमधून शाळेत जात, मुलांच्या मांडीवर मुलं. शेजारच्या काकूंनी पापड-लोणच्यांचा धंदा जुन्या ओमनीवर उभा केला. मागची सीट काढली की डब्यांच्या चळती बसतात. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी नवरा गेल्यानंतर त्यांची गाडी विकली नाही; चाळिसाव्या वर्षी शिकल्या आणि मुलीला परीक्षेसाठी सांगलीला स्वतः नेऊ लागल्या. सगळ्यांचं म्हणणं एकच, गाडी छोटी, गल्लीत वळते, आणि सुटा भाग तालुक्याच्या गावातही मिळतो.

माझं शिकणं काही सरळ झालं नाही. शिकाऊ परवाना काढला, ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. पहिले आठ दिवस क्लच सोडला की गाडी गचकन बंद. ह्यांच्याबरोबर सराव करू नका, असा माझा अनुभवाचा सल्ला! दोन फाटकं आणि एक तुळशीवृंदावन थोडक्यात वाचलं. एकदा दिवे चालू ठेवून भाजी घ्यायला गेले आणि बॅटरी उतरली. एकदा रेडिएटरचं पाणी बघायचं विसरले आणि भर रस्त्यात वाफ निघाली. दोन्ही चुका माझ्याच.

तेव्हापासून दर रविवारी, तुळशीला पाणी घातल्यावर, मी चार गोष्टी पाहते: इंजिन गार असताना पाणी आणि तेल, चारही चाकांची हवा, दिवे आणि वायपर. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका, भाजणं निश्चित. उंच टाचेच्या चपला घालून गाडी चालवू नका, साडी असेल तर निऱ्या खोचून बसा. विमा आणि प्रदूषणाचा दाखला कधी संपतो ते कालनिर्णयावर लिहून ठेवा. गाडीला पंधरा वर्षं झाली, की आर. टी. ओ.त तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. आमची २००९ ची, ते सगळं मीच केलं.

आणि एक गोष्ट लपवून ठेवायची नाही. छोट्या गाडीचं कौतुक करताना तिची मर्यादाही ओळखली पाहिजे. २०१४ साली ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच छोट्या गाड्यांची टक्कर-चाचणी घेतली. त्यात आल्टो ८०० सकट पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. आमच्या जुन्या ८०० मध्ये ती नाही. म्हणून मी ती गावातच चालवते, हमरस्त्यावर नेत नाही, आणि पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवत नाही. नवी गाडी घेताना तारे किती, हे रंगाच्या आधी विचारा.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी सासूबाईंना हाताच्या व्यायामासाठी मी घेऊन जाते. त्या पुढे बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी पट्टा लावायचा प्रयत्न केला. उजव्या हाताला जमेना. मी लावायला वाकले, तर म्हणाल्या, "थांब, मी लावते." वळणाआधीच कानावर येतं, "हॉर्न दे." मामंजी मागे, मांडीवर डब्यांची पिशवी घेऊन.

मैत्रिणींनो, तुमच्या अंगणात गाडी उभी असेल आणि ती तुम्हाला चालवता येत नसेल, तर माझ्यासारखी एखाद्या रात्रीची वाट पाहू नका. परवाना काढा, आठवड्यातून दोनदा तरी हात चालता ठेवा. घरात गाडी नसेल, तर निदान रात्री हाकेला येणाऱ्या दोघांचे फोन नंबर स्वयंपाकघरात लिहून लावा.

आमची किल्ली अजून त्याच खिळ्यावर असते. फक्त आता मी तो खिळा पुसते, तेव्हा बहुतेक वेळा किल्ली माझ्या पर्समध्ये असते.